समाजशास्त्र पहिल्यांदा शिकताना: बडोद्याच्या गल्लीतून सहा आठवड्यांचा अभ्यास

बडोद्यात 'समाज' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ जात किंवा पोटजात असतो: आमच्या समाजाची वाडी, समाजाचं स्नेहसंमेलन, समाजातलंच स्थळ. 'सोसायटी' म्हटलं की फाटक, वॉचमन आणि मेंटेनन्सची पावती. अशा गावात वाढलेल्या मुलानं कॉलेजात समाजशास्त्र घेतलं की पहिल्याच तासाला तो 'समाज म्हणजे सामाजिक संबंधांचं जाळं' असं वहीत उतरवतो, आणि घरी आल्यावर ते वाक्य कशाला जोडायचं हे त्याला उमगत नाही. परीक्षेपुरतं पाठ होतं. पुढच्या सत्रात विचारा, पाटी कोरी.

यात दोष मुलाचा नाही. या विषयाचे बहुतेक शब्द रोजच्या बोलण्यातूनच उचललेले आहेत. रसायनशास्त्रातला 'संयुजा' शब्द घरात कोणी वापरत नाही, म्हणून तो शिकताना गोंधळ होत नाही. 'संस्था', 'भूमिका', 'दर्जा', 'संस्कृती' हे शब्द मात्र सदान्‌कदा तोंडी असतात आणि प्रत्येकाला वाटतं, हे तर आपल्याला येतंच. खालचा क्रम दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर अशा ओळखीच्या जागांवर बेतलेला आहे. रोज पाऊण तास दिला तर सहा आठवड्यांत पुरा होतो.

आधी वही आखा

दोनशे पानी वही घ्या. डावं पान निरीक्षणाला, उजवं संकल्पनेला. उजव्या पानावर प्रत्येक संकल्पनेसाठी चार ओळी:

१. व्याख्या, पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत.
२. आपल्या गल्लीतलं एक उदाहरण.
३. 'हे नव्हे' असं एक उदाहरण, म्हणजे दिसायला तसंच पण त्या संकल्पनेत न बसणारं.
४. गुजराती प्रतिशब्द.

तिसरी ओळ सगळे गाळतात. खरं तर संकल्पना कळली की नाही हे फक्त तिथंच कळतं. उदाहरण कोणीही देतो. काय बसत नाही आणि का बसत नाही, हे सांगताना घाम फुटतो.

चौथी ओळ बडोद्याच्या मराठी मुलांसाठी खास आहे. घरात मराठी, वर्गात गुजराती किंवा इंग्रजी, त्यामुळे सारखे दिसणारे शब्द दगा देतात. गुजराती पुस्तकातलं 'सामाजिक धोरण' म्हणजे सरकारचं धोरण नव्हे, ते सामाजिक नियमन, म्हणजे समाजात कसं वागायचं याचा नियम. 'जूथ' म्हणजे समूह. 'ज्ञाति' म्हणजे जात. आणि सर्वांत घातक 'जातिप्रमाण': मराठी डोळ्यांना ते जातींचं प्रमाण वाटतं, प्रत्यक्षात ते दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती याचं, म्हणजे लिंग गुणोत्तराचं नाव आहे. या एका शब्दापायी अख्खं उत्तर भलतीकडे जाऊ शकतं.

प्रश्न समाजशास्त्राचा आहे का, हे ओळखणं

मांजलपूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आजींची तक्रार असते की नातवाला मराठी वाचता येत नाही. एकाच घरातली गोष्ट असेल तर त्या घराकडे बघा: आईवडिलांना वेळ नसेल, पोराला कंटाळा असेल. पण त्याच वस्तीतल्या चाळीस मराठी घरांपैकी तीस घरांत हेच ऐकू आलं, तर पोरांना आळशी ठरवून भागत नाही. शाळेचं माध्यम कोणतं, नोकरी कुठल्या भाषेत मिळते, खेळायला खाली उतरल्यावर कोणती भाषा चालते, हे बघावं लागतं. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ साली हाच भेद मांडला: एक खासगी अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न. पहिल्या आठवड्यात रोज घरातली एक तक्रार लिहा आणि तिच्यापुढे लिहा की ती किती घरांत सापडेल. मोजणं नंतर, आधी ही सवय.

एमिल दुर्खीमनं १८९५ साली 'सामाजिक तथ्य' म्हणून जे सांगितलं त्याची चवही इथंच घ्यावी. आपल्या बाहेर असतं, आपल्या आधीपासून असतं आणि आपल्यावर दाब टाकतं, ते सामाजिक तथ्य. गरब्याचं वर्तुळ एका दिशेनं फिरतं. त्याची पाटी कुठं लावलेली नसते. उलट दिशेनं चार पावलं टाका, दाब म्हणजे काय ते खांद्याला कळेल.

समूह, मंडळ, संस्था, समुदाय

दुसरा आठवडा पूर्ण या चौघांना द्या. नवख्यांचे सर्वांत जास्त गुण इथंच जातात.

संध्याकाळी सातला सेवउसळीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभे राहा. चाळीस माणसं खात आहेत. हा समूह आहे का? नाही, ही गर्दी. बडोद्यातले सगळे सेवउसळ आवडणारे? तोही समूह नाही, तो प्रवर्ग: एक गुण समान आहे, पण एकमेकांशी संबंध नाही. कडेला स्कूटरवर टेकून उभी असलेली चार पोरं मात्र दर रविवारी येतात. पाचवा आला नाही म्हणून एकानं फोन लावला. तो समूह. कसोटी सोपी आहे: एक जण आला नाही तर बाकीच्यांना ते जाणवतं का?

चार्ल्स कूली यानं १९०९ साली प्राथमिक समूहाची कल्पना मांडली: समोरासमोरचा, जवळिकीचा, 'आम्ही' म्हणवणारा. कुटुंब, खेळगडी, शेजार. कामापुरता, नियमांनी बांधलेला, माणसापेक्षा पदाला महत्त्व देणारा तो दुय्यम समूह. पुस्तकात इथं दोन रकान्यांचा तक्ता असतो आणि मुलं तो पाठ करतात. त्याऐवजी अहमदाबादला रोज अपडाउन करणारे पासहोल्डर बघा. सुरुवातीला नुसती जागा धरण्यापुरती ओळख. पाचसहा वर्षांनी त्याच डब्यातले लोक एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगतीला बसतात. दुय्यमाचं प्राथमिक होत जातं, कधी उलटही होतं. हे दोन कप्पे नाहीत, एका पट्टीची दोन टोकं आहेत, असं उत्तरात लिहिलं की परीक्षकाला कळतं, पोरानं विचार केला आहे.

आता गणपती. तुमच्या गल्लीतलं गणेश मंडळ हे मंडळ. गणेशोत्सव ही संस्था. मंडळाचा सभासद होता येतं, वर्गणीची पावती फाडता येते, अध्यक्ष बदलता येतो. उत्सवाचा सभासद कसा होणार? समाजशास्त्रात संस्था म्हणजे वागण्याची रुजलेली, नियमबद्ध पद्धत: विवाह, मालमत्ता, शिक्षण, उपासना. मंडळ म्हणजे ठरावीक हेतूनं एकत्र आलेली माणसं. घोळ असा होतो की बोलताना आपण शाळा चालवणाऱ्या ट्रस्टलाच 'संस्था' म्हणतो. 'संस्थेनं फी वाढवली', 'संस्थेचे चिटणीस'. समाजशास्त्राच्या हिशेबात ते सगळं मंडळ. वहीत ठळक लिहून ठेवा: सभासद होता येतं ते मंडळ, पाळली जाते ती संस्था.

समुदायाला दोन गोष्टी लागतात, ठरावीक भूभाग आणि 'आपण एक' ही भावना. यावर एक चांगला वाद घालता येतो. बडोद्याचे मराठी लोक आज समुदाय आहेत का? वाडे सोडून कुटुंबं शहरभर फ्लॅटांत पांगलेली, म्हणजे पहिली अट लंगडी. दुसरी मात्र गणपतीत आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना चांगली दिसते. दोन्ही बाजू प्रत्येकी पाच ओळींत लिहा. निर्णय दिलाच पाहिजे असं नाही.

दर्जा आणि भूमिका

राल्फ लिंटन यानं १९३६ साली दोन प्रकार केले: अर्पित दर्जा, जन्मानं किंवा वयानं मिळणारा, आणि अर्जित दर्जा, मिळवलेला. दर्जा म्हणजे समाजरचनेतली जागा; भूमिका म्हणजे त्या जागेवरच्या माणसाकडून अपेक्षित वागणं. दर्जा 'असतो', भूमिका 'निभावली' जाते. मराठीत 'दर्जेदार' म्हणतो तो दर्जा हा नव्हे. इथं उच्चनीचता असेलच असंही नाही: 'भाचा' हासुद्धा दर्जाच.

सोप्या उदाहरणांवर वेळ घालवू नका. डॉक्टर अर्जित, मुलगी अर्पित, झालं. अवघड उदाहरण बडोद्यातच आहे. १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावातल्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो तिसरे सयाजीराव झाला. राजा हा त्याचा दर्जा अर्पित की अर्जित? निवड झाली म्हणून बरेच जण 'अर्जित' लिहितात. पण निवडीच्या यादीत नाव आलं ते गायकवाड घराण्याच्या शाखेत जन्म होता म्हणून, एखादी परीक्षा दिली म्हणून नाही. दर्जा अर्पितच. पुढे मात्र बघा: एफ. ए. एच. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली शिक्षण झालं आणि १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती आला. दर्जा एका समारंभात मिळाला, भूमिका शिकायला सहा वर्षं लागली. याच शिकण्याला सामाजिकीकरण म्हणतात, आणि ते बालपणी संपत नाही.

दुसरं उदाहरण त्याच संस्थानातलं आणि जास्त बोचरं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. घेतली आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पदवी अर्जित, पद अर्जित. तरी कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत, शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि काही दिवसांत तिथूनही हुसकावलं गेलं. त्या दिवशी ते ज्या कामाठीबागेत बसून राहिले, ती आजची सयाजीबाग. एव्हरेट ह्यूज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९४५ साली प्रधान दर्जाची कल्पना मांडली: एक असा दर्जा जो बाकीच्या सगळ्यांवर मात करतो. अस्पृश्य हा अर्पित दर्जा इथं प्रधान ठरला आणि अर्जित दर्जे त्याखाली दबले. पुस्तकातली व्याख्या विसरली तरी हरकत नाही, हे उदाहरण विसरू नका.

भूमिका-संघर्ष आणि भूमिका-ताण यांत गल्लत होते. दोन वेगळ्या दर्जांच्या भूमिका एकमेकींना अडवतात तो संघर्ष: शिक्षिकेची स्वतःची मुलगी तिच्याच वर्गात आहे आणि कॉपी करताना सापडली. एकाच दर्जातल्या अपेक्षा एकमेकींना ओढतात तो ताण: त्याच शिक्षिकेनं मुलांना वेळ द्यायचा आणि त्याच तासात शाळेचे कागदही भरायचे. दर्जे मोजा. दोन असतील तर संघर्ष, एकच असेल तर ताण.

सराव: आईचा किंवा मावशीचा एक दिवस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत लिहा आणि समासात प्रत्येक तासाचा दर्जा नोंदवा. बारापेक्षा कमी निघाले तर नीट बघितलं नाही.

नियमनं: मोडल्यावर काय होतं ते विचारा

विल्यम समनर यानं १९०६ साली लोकरीती आणि लोकनीती हा भेद केला. व्याख्या घोकण्यापेक्षा शिक्षेवरून ओळखणं सोपं. हळदीकुंकवाला आलेलीला काही न देता पाठवलं तर मागून कुजबुज होते: लोकरीती. सगोत्र लग्न ठरवलं तर अजूनही कित्येक घरांत नातेवाईक दार बंद करतात: लोकनीती. गुजरातेत परवान्याशिवाय दारू जवळ ठेवली तर पोलीस येतात: कायदा. तिन्ही एकाच रेषेवर असतीलच असं नाही. कायदा आहे पण कुजबुजही होत नाही, किंवा कायदा नाही पण दार बंद होतं, अशी उदाहरणं शोधा. तीच खरी मौजेची.

कधी कायदा रूढीच्या पुष्कळ पुढे धावतो. बडोदा संस्थानात बालविवाह रोखणारा कायदा १९०४ चा. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा आला १९२९ मध्ये. सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानात १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळीकडे लागू झालं. कायदा कागदावर एका दिवसात येतो, घरातलं वागणं पिढीच्या गतीनं बदलतं. या मागे राहण्याला विल्यम ऑगबर्नच्या १९२२ च्या शब्दाची, सांस्कृतिक पश्चायनाची, उपमा द्यायचा मोह होतो. सांभाळून: ऑगबर्नचा भर तंत्रज्ञान पुढे आणि चालीरीती मागे यावर होता. मोबाइलवर पत्रिका पाठवतो पण मुहूर्त तोच, हे उदाहरण त्यात चपखल बसतं.

प्रकट आणि अप्रकट कार्य (रॉबर्ट मर्टन, १९४९) इथंच उरकून घ्या. गणेश मंडळाचं प्रकट कार्य पूजा आणि उत्सव. अप्रकट: अठरा वर्षांची पोरं वर्गणी मागायला, हिशेब ठेवायला, पोलीस परवानगीचा अर्ज लिहायला शिकतात. अप्रकट म्हणजे लपवलेलं नव्हे. कोणी तसं ठरवलेलं नसतं, एवढंच.

कुटुंब: इथं घाई करू नका

दोन भाऊ. थोरला कारेलीबागेत, धाकटा मांजलपूरला. चुली दोन, विजेची बिलं दोन. दुकान एकच, दोघांच्या नावावर. गणपती थोरल्याकडे, गौरीही तिथंच, धाकटी जाऊ दोन दिवस आधी राहायला येते. धाकट्याच्या मुलीच्या कॉलेजची फी दुकानाच्या गल्ल्यातून जाते. हे विभक्त कुटुंब की एकत्र?

जनगणनेच्या हिशेबात ही दोन कुटुंबं, कारण तिथं एका स्वयंपाकघरातलं जेवणारे ते एक. पण महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवलेले आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुव्याच्या कुटुंबांचा अभ्यास केला तेव्हा नेमका हाच मुद्दा धरला: छप्पर आणि चूल यांवर एकत्रपण ठरत नाही, मालमत्ता, देवधर्म, परस्परांची जबाबदारी हेही बघावं लागतं, आणि त्याच्या कमीजास्त मात्रा असतात. म्हणून वहीत 'घर' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरा. 'एकत्र कुटुंबपद्धती मोडत चालली आहे' हे वाक्य उत्तरात ठोकण्याआधी विचारा, घरं मोडली की कुटुंबं?

प्रत्यक्ष सराव: आपल्या बिल्डिंगमधली किंवा ओळखीची दहा घरं घ्या. पाच प्रश्न पुरेत. कोण कोण एका चुलीवर जेवतं. जमीन, दुकान किंवा घर कोणाच्या नावावर. कुलाचार कुठं होतो. मागच्या आजारपणाचा खर्च कोणी उचलला. मागचं लग्न कोणी काढलं. पहिल्या भेटीत उत्पन्न विचारू नका, दार बंद होतं. दुपारी चार ते सहा ही वेळ बरी.

'घरात निर्णय कोण घेतं?' असा प्रश्न मात्र टाकू नका. दहाही घरांत एकच उत्तर येतं, 'सगळे मिळून.' त्याऐवजी शेवटची खरेदी धरा: फ्रीज घ्यायचा कोणी काढला, कुठली कंपनी ते कोणी ठरवलं, दुकानात कोण गेलं, पैसे कोणाच्या खात्यातून गेले. चार तुकडे केले की 'सगळे मिळून'मधलं कोण कुठं आहे ते दिसायला लागतं. जमल्यास हाच प्रश्न सासू आणि सून दोघींना, वेगवेगळ्या वेळी. उत्तरं जुळली नाहीत तर एक खोडू नका, दोन्ही लिहा. ती तफावत हीच माहिती आहे.

नातेसंबंधांसाठी बडोद्यासारखी जागा नाही. अनेक मराठी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, पूर्वी तर तिच्यावर पहिला हक्क मानत. म्हणून तर सासरे 'मामंजी' आणि जुन्या घरांत सासू 'आत्याबाई'. शेजारच्या बहुतेक गुजराती घरांत मात्र मामाची मुलगी म्हणजे राखी बांधणारी बहीण. लग्नाचं नुसतं नाव काढलं तरी कानावर हात ठेवतील. एकाच जिन्यावरच्या दोन दारांत बहिर्विवाहाचा, म्हणजे कोणाशी लग्न चालत नाही याचा, नियम वेगळा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्व्यांनी १९५३ साली नातेसंबंधांनुसार देशाचे चार विभाग केले तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही मधल्या पट्ट्यात घातले, जिथं उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चाली एकमेकींत मिसळतात. तो जिना म्हणजे हा पट्टाच.

जात आणि वर्ग

अंतर्विवाह म्हणजे गटाच्या आत लग्न, बहिर्विवाह म्हणजे गटाच्या बाहेर. दोन्ही एकाच वेळी चालतात: जातीच्या आत, गोत्राच्या बाहेर. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म अंतर्विवाहात आहे असं मांडलं. बहिर्विवाह मुळातच चालू असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला, आणि तो टिकवण्यासाठी स्त्रियांवर बंधनं आली, असा त्यांचा युक्तिवाद. नवख्यानं हा निबंध मुळातून वाचावा, भाषांतरं सहज मिळतात.

अंतर्विवाहाचा गट जातीएवढाच मोठा असतो असंही नाही. बडोद्याच्या उत्तरेला आणंदकडच्या चरोतरात पाटीदारांचे 'गोळ' असत: ठरावीक गावांनी आपसांत मुली द्यायच्या-घ्यायच्या, बाहेर नाही. जात एक, लग्नाचं वर्तुळ त्याहून लहान.

एम. एन. श्रीनिवास १९५१ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९५९ मध्ये दिल्लीला गेले. संस्कृतीकरण ही संकल्पना त्यांची: खालची मानलेली जात वरच्या जातीचे आचार, खाणं, विधी उचलते आणि काळाच्या ओघात वरच्या जागेवर हक्क सांगते. इथं हमखास होणारी चूक म्हणजे 'संस्कृत भाषा शिकणं' किंवा 'सुसंस्कृत होणं' असा अर्थ लावणं. दुसरी चूक, याला पायऱ्या मोडणं समजणं. पायऱ्या तशाच राहतात, एक गट त्यांवर सरकतो. त्यांचीच 'प्रभुजाती' ही दुसरी संकल्पना: संख्या, जमीन आणि राजकीय वजन ज्या जातीच्या हाती, ती गावावर प्रभाव ठेवते, मग ती विधीनं सर्वांत वर असो वा नसो.

वर्गाचं थोडक्यात. मार्क्सला उत्पादनसाधनांची मालकी महत्त्वाची, वेबरला त्याबरोबर प्रतिष्ठा आणि सत्ताही. वाड्याचा वारस पण पगार तुटपुंजा, अशी माणसं जुन्या बडोद्यात भेटतील. प्रतिष्ठा आणि पैसा एका रेषेत नसतात हे वेबरचं म्हणणं त्यांच्याकडे बघून चटकन पटतं.

शेवटचा आठवडा: खंडेराव मार्केटात चाळीस मिनिटं

पहिली दहा मिनिटं नुसतं बघा, लिहू नका. पुढची वीस मिनिटं एकाच विक्रेत्यासमोरचे तीस ग्राहक मोजा. रकाने चारच: स्त्री की पुरुष, भाव केला का, किती वेळ थांबले, कोणत्या भाषेत बोलले. उरलेली दहा मिनिटं तिथंच कडेला उभं राहून बाकीचं लिहून काढा. घरी जाऊन लिहू म्हणाल तर निम्मं गळतं आणि निम्मं आपण रचतो.

'ती कंजूष होती' असं लिहू नका. 'पिशवी खाली ठेवली, दोनदा भाव विचारला, निघाली, परत आली' असं लिहा. पहिलं मत आहे, दुसरं निरीक्षण. 'विक्रेता गुजरातीतून मराठीत कधी वळला' हे टिपता आलं तर उत्तम. ग्राहकानं तोंड उघडायच्या आधीच वळला असेल तर तो काय बघून वळला, याचा एक परिच्छेद होतो.

मग निष्कर्षाची घाई. समजा, बायका पुरुषांपेक्षा जास्त भाव करताना आढळल्या. 'स्त्रियांचा स्वभाव' असं लिहून मोकळं होऊ नका. वेळ बघा: पुरुष ऑफिसला जाता जाता घेत असतील, थांबायला फुरसत नसेल. म्हणून हीच मोजणी एका रविवारी सकाळी आणि एका बुधवारी संध्याकाळी करा. आकडा बदलला तर कारण वेळेत शोधा, नाही बदलला तरच पुढचा विचार. तीस माणसांवरून 'बडोद्यात' असं वाक्य सुरू करू नका. 'या गाळ्यावर, या वेळी' एवढंच.

परीक्षेच्या उत्तराला हेच साहित्य कामी येतं. पाच गुणांच्या टिपणात दोन ओळी व्याख्या, विचारवंताचं नाव आणि साल एका ओळीत, वहीतलं उदाहरण चार ओळींत, 'हे नव्हे' दोन ओळींत. नावांची यादी लांबवून गुण वाढत नाहीत.

वहीत कोणाचं खरं नाव, फ्लॅट नंबर, दुकानाची पाटी नको. 'घर ३', 'गाळा क' असं लिहा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि घरी प्रश्न विचारायला जाताना हे अभ्यासासाठी आहे, नको असेल तर सांगा, हे दारातच सांगून टाका. मार्केटात कोणी हटकलंच, 'शुं लखो छो?' (काय लिहिताय?) म्हणून, तर पान उलटून लपवावं लागू नये. ते तसंच पुढं करून दाखवा. बहुतेक वेळा तो विक्रेताच वाकून बघतो आणि तुमची मोजणी कुठं चुकली ते सांगतो.